दुखलं तर हात वर करा

मंडळी, या वीकांताचा लेख एका वेगळ्याच खुर्चीत सुचलेला आहे. हापिसातल्या नव्हे, दातांच्या डॉक्टरांच्या.

दसऱ्याला घरी गेलो होतो. घर म्हणजे कोल्हापूर, शिवाजी पेठ. आमच्याकडे नवरात्रात कडाकण्या करतात. ज्यांनी खाल्ल्या नाहीत त्यांच्यासाठी: पापडासारख्या पातळ, गोड आणि नावाला जागणाऱ्या. तिसऱ्या कडाकणीला खालच्या डाव्या दाढेतलं जुनं फिलिंग निघून हातात आलं. पुण्यात असतो तर दाढेत लवंग धरून चार दिवस ढकलले असते, पण समोर आई होती. तासाभरात निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा ओलांडून एक जुना लाकडी जिना चढत होतो.

हा जिना ओळखीचा. लहानपणी आज्जीबरोबर याच जिन्याने वर गेलो होतो (ती गोष्ट पुढे येईल, तीच खरी गोष्ट आहे). तेव्हाचे डॉक्टर आता नाहीत, त्यांच्या सूनबाई दवाखाना बघतात. मॅडमनी इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला, आणि मशीन सुरू करायच्या आधी म्हणाल्या, "दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबतो."

(बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी थांबतो' असंच म्हणतात. व्याकरण शिकवायला येऊ नये.)

मी हात वर केला. खरं सांगायचं तर फारसं दुखलं नव्हतं. खरंच थांबतात का ते बघायचं होतं, टेस्टिंगची सवय जात नाही. मशीन बंद झालं. मॅडमनी तोंडातलं सगळं काढलं आणि विचारलं, "काय झालं? दुखलं, की पाणी साठलं?" आता काय सांगणार! "पाणी" म्हणालो.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या एका खुर्चीत, अगदी हेच वाक्य ऐकलं होतं. तेव्हा खरोखर दुखलं. हात वर केला. उत्तर आलं, "झालंच, दोनच मिनिटं." समोर भिंतीवर घड्याळ होतं. दोन मिनिटं अकरा मिनिटं चालली. वर मधेच "कुठल्या कंपनीत आहात?" हाही प्रश्न. तोंडात दोन हात, एक नळी आणि एक मशीन असताना माणसाने कंपनीचं नाव कसं सांगायचं हे एक कोडंच आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरप्ट आला, पण तो घ्यायला पलीकडे कुणी कोडच लिहिलेला नव्हता.

तर हा हात वर करायचा करार आला कुठून, असा किडा डोक्यात शिरला. दोन रात्री जालावर बसलो, आणि मूळ प्रश्नापेक्षा मोठंच काहीतरी हाती लागलं. ते असं, की दातांच्या डॉक्टरांनी दुखणं कमी करण्यासाठी जे जे शोधलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी पेशंटचं बोलणंही थोडं थोडं कमी करत नेलं. आणि मग कुणालातरी ते बोलणं टेप करून ऐकावंसं वाटलं.

सुरुवात अगदी जुन्यापासून करू. पावणेदोनशे वर्षांपूर्वी दात काढणं म्हणजे दोघांनी धरायचं आणि तिसऱ्याने ओढायचं. संवाद म्हणजे ओरडणं, आणि ओरडण्याला कुणी उत्तर देत नसे. पण त्या ओरडण्याचा अर्थ काय लावायचा यावरून एका डेंटिस्टच्या आयुष्याचा खेळखंडोबा झाला, ती हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याचं नाव होरेस वेल्स, गाव अमेरिकेतलं हार्टफर्ड. १८४४ च्या डिसेंबरात त्याने लाफिंग गॅसचा एक जाहीर खेळ पाहिला. गॅस घेतलेल्या एका माणसाच्या पायाला चांगलं लागलं आणि त्याला पत्ताच नाही, हे वेल्सच्या नजरेतून सुटलं नाही. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, त्याने स्वतः गॅस हुंगून आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःचीच दाढ काढून घेतली. दुखलं नाही. पुढच्या महिन्यात तो बॉस्टनला गेला आणि डॉक्टर नि विद्यार्थ्यांनी भरलेल्या खोलीत एकाचा दात काढून दाखवला. दात निघताना पेशंट ओरडला. झालं! लोकांनी हुर्यो उडवली, भोंदू ठरवून त्याला घालवून दिलं. नंतर त्या पेशंटने सांगितलं की थोडं दुखलं, पण एरवी दुखतं तितकं नाही. पण हे विचारायला त्या खोलीत थांबलं कोण होतं?

पावणेदोन वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८४६ ला, त्याच बॉस्टनमध्ये वेल्सचाच जुना शिष्य आणि भागीदार विल्यम मॉर्टन याने ईथर वापरून दाखवलं. या वेळी पेशंट गप्प राहिला आणि इतिहास मॉर्टनच्या नावावर जमा झाला. वेल्सने जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात जीव दिला. वय अवघं ३३.

मला यात एक गोष्ट फार खुपते. यशाची खूण काय ठरली, तर पेशंटचं गप्प असणं. पुढे कितीतरी वर्षं ती खूण तशीच राहिली. चांगला पेशंट म्हणजे गप्प बसणारा पेशंट.

मग १८८४ साल उजाडलं. व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेडने जबड्याच्या नसेजवळ इंजेक्शन देऊन दात बधिर करून दाखवले. १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आलं, १९४० च्या दशकाच्या शेवटी झायलोकेन. ते तर आपल्याकडेही इतकं रुळलं की भूल म्हणजे झायलोकेन असंच पुष्कळ जण धरून चालतात. यात एक गंमत झाली. गॅसने झोपलेला पेशंट काही बोलत नसे तर ते स्वाभाविकच होतं. आता पेशंट टक्क जागा. ऐकतोय, बघतोय, घाबरतोय, फक्त बोलू शकत नाही कारण तोंड उघडं आहे आणि अर्धा ओठ स्वतःचा वाटत नाही.

तरी १९५० च्या आसपासपर्यंत एक बरं होतं. पेशंट खुर्चीत ताठ बसलेला असे आणि डॉक्टर समोर-बाजूला उभा. चेहरा चेहऱ्यासमोर. मशीन पट्ट्यावर चालणारं, हळू, घरघर करणारं. त्याने हाडापर्यंत हादरे बसत, पण मधे मधे ते थांबवावं लागे, मग थुंकायचं, चूळ भरायची. चूळ भरताना माणूस बोलतो. "आणि किती राह्यलंय ओ?" एवढं विचारायची सवड असे.

१९५७ साली जॉन बोर्डेनचा एअरोटर बाजारात आला. हवेच्या झोतावर फिरणारा, मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे. काम झटपट, हादरे जवळजवळ नाहीत. पण आवाज अगदी कानात सुरी घातल्यासारखा, आणि पातं तापू नये म्हणून सतत पाण्याचा फवारा. पाणी ओढायला सक्शनची नळी आली, नळी धरायला मदतनीस आला, पेशंटला आडवं करणारी खुर्ची आली, डॉक्टर डोक्यामागे बसला. चूळ भरायचं कारणच उरलं नाही. पुढे १९८० च्या दशकात एचआयव्हीमुळे मास्क आणि हातमोजे सक्तीचे झाले, तशी डॉक्टरांच्या चेहऱ्यापैकी फक्त कपाळ आणि डोळे शिल्लक राहिले, तेही उलटे.

यातली एकही गोष्ट वाईट नाही. एअरोटर नको, जुनं मशीन परत आणा, असं मी तरी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण एकेक सोय येताना बोलण्याची एकेक वाट बंद होत गेली, हे खुर्चीवर आडवं पडल्याशिवाय लक्षात येत नाही.

असो. आता टेपरेकॉर्डरकडे वळू.

डॉक्टर आणि पेशंट खरोखर काय बोलतात हे लिहून काढून मोजावं, हा उद्योग साधारण १९६० च्या दशकात जोरात सुरू झाला. लॉस एंजेलिसच्या मुलांच्या हॉस्पिटलात बार्बरा कोर्श या डॉक्टरबाईंनी ८०० भेटी टेप केल्या आणि नंतर आयांना गाठून विचारलं. १९६८ मध्ये ते छापून आलं. सुमारे पाव आयांनी सांगितलं, की ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटत होती ती डॉक्टरांना सांगायची राहूनच गेली. लक्षात घ्या, या बोलू शकणाऱ्या आया होत्या. तोंडात नळी नव्हती. १९७६ साली इंग्लंडमध्ये बर्न आणि लाँग या जोडीने सुमारे अडीच हजार भेटींच्या टेप ऐकून पुस्तक लिहिलं. त्यात पेशंट दाराशी पोचल्यावर मागे वळून 'जाता जाता एक विचारायचं होतं' म्हणून खरं दुखणं सांगतो, तो प्रकार त्यांनी नोंदवला. (आपल्याकडे हा पेशंटचा दोष मानतात. "मघाशी बोलायला काय झालं होतं?") १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटी तपासल्या. पेशंटने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलत होता, आणि आपलं म्हणणं पुरं करू शकलेले पेशंट होते फक्त १७.

दातांच्या बाजूला काम सुरू झालं ते भीतीपासून. बफेलो इथे नॉर्मन कोरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६९ साली चार प्रश्नांची एक पट्टी बनवली. उद्या डेंटिस्टकडे जायचंय, कसं वाटतंय? बाहेर बसून नंबरची वाट बघताय, कसं वाटतंय? खुर्चीत बसलाय, मशीनची तयारी चाललीय, कसं वाटतंय? दात साफ करायची हत्यारं बाहेर काढताहेत, कसं वाटतंय? प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज ४ ते २०. बस्स. जगभर वापरली गेली. गंमत म्हणजे यात इंजेक्शनचा प्रश्नच नव्हता! तो पाचवा प्रश्न गेरी हम्फ्रिस यांनी १९९५ मध्ये घातला. ज्या सुईला सगळं जग घाबरतं ती सव्वीस वर्षं यादीत नाही, कारण यादी करणाऱ्याला सुचली नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे आज्जीच्या वेळी लागणार आहे.

याच कोरांनी १९७३ साली माझ्या मूळ प्रश्नाच्या अगदी जवळचा प्रयोग केला. दातांच्या खुर्चीतल्या मुलांच्या हाती बटण दिलं. नको वाटलं तर दाबायचं, डॉक्टरला इशारा जातो. बाकीच्या मुलांना बटण नाही. शरीरावरचा ताण मोजला. जास्त त्रासाची कामं चालू असताना बटणवाल्या मुलांवर ताण कमी दिसला. म्हणजे दाढ तीच, मशीन तेच, फरक कशाचा, तर 'मला हे थांबवता येतं' एवढ्या माहितीचा. पण मग बटण दाबूनही कुणी थांबत नाही हे एकदा कळलं की काय होत असेल? माझ्या त्या अकरा मिनिटांत काय झालं ते मी सांगू शकतो. त्यानंतर पाच वर्षं मी कुठल्याच डेंटिस्टकडे गेलो नाही. हात वर करायला सांगितलंच नसतं तर गेलो असतो बहुतेक.

थोडं विषयांतर. १९९४ मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये एक लेख आला. डेंटिस्ट आणि किशोरवयीन पेशंट यांच्या संभाषणांच्या टेप ऐकून केलेलं विश्लेषण. लेखकांची नावं वॉनलेस आणि हॉलोवे. वॉनलेस! आमच्या भागातल्या माणसाला हे नाव वाचून खुर्चीतून उठायलाच होतं. मिरजेला १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं ते डॉ. विल्यम वॉनलेस यांनी, कोल्हापुरात मेरी वॉनलेस हॉस्पिटल आहेच. नावाचा निव्वळ योगायोग, पण आज्जी असती तर म्हणाली असती, "बघ, त्यांच्यातलाच आसंल."

टेपमधून डॉक्टर कधी तोडतो ते कळतं. पण पेशंट सांगतो ते कुठल्या शब्दांत? इथे मात्र आपल्याकडचा माल फार भारी आहे.

रोनाल्ड मेलझॅक हे कॅनडातले वेदनेचे मोठे अभ्यासक. १९५० च्या दशकात ओरेगॉनमध्ये शिकत असताना त्यांना एक वयस्कर पेशंट भेटल्या, पाय कापलेला, तरी नसलेला पाय दुखायचा. त्या बाई दुखण्याचं इतकं नेमकं वर्णन करायच्या की मेलझॅकनी त्यांचे शब्द टिपून ठेवायला सुरुवात केली. पुढे त्यातून १९७५ मध्ये मॅकगिल पेन क्वेश्चनेअर तयार झालं, ७८ शब्द, २० गटांत. तोवर डॉक्टरी कागदावर वेदना म्हणजे 'किती' एवढंच असायचं, मेलझॅकनी 'कशी' विचारलं.

आता शिवाजी पेठेतल्या कुठल्याही बाकड्यावर अर्धा तास बसा आणि दाढेबद्दल काय काय ऐकू येतं बघा. ठणकतंय. ठसठसतंय. सणक मारतीया. कळ येतीया, ती कानापातूर जातीया. शिवशिवतंय. चमक निघतीया. दात आंबलाय. यातला प्रत्येक शब्द वेगळी तक्रार आहे. 'आंबलाय' म्हणजे आंबट, थंड, गोड लागलं की झिणझिणतं, लागणं थांबलं की ते थांबतं. बहुधा वरचं कवच झिजलंय. 'सणक' म्हणजे क्षणभर वीज गेल्यासारखं. आणि 'ठणका' हा रात्रीचा पाहुणा. आडवं पडलं की वाढतो, नाडीच्या ठोक्याबरोबर चालतो. आतली नस सुजलीय, फिलिंगवर भागेल असं धरून चालू नका. मॅडम म्हणाल्या, "पेशंट ठणकतंय म्हणाला की निम्मं निदान झालं."

आणि उलटंही होतं. शहरात शिकून आलेला तरुण डॉक्टर विचारतो, "पेन शार्प आहे की डल?" पेशंट बिचारा दोन्हींना मान हलवतो.

आज्जीच्या वेळचे लोक तर 'दाढ किडलीय' हे अक्षरशः धरायचे, आत कीड आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड पाडणारे लोक फिरायचे म्हणे. फक्त आपल्याकडचे अडाणी, असं समजू नका. युरोपातही शेकडो वर्षं हीच समजूत होती. १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच डेंटिस्टने मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने सांगितलं की मी भिंगातून पाहिलं, मला काही किडे दिसले नाहीत. आपल्या भाषेने मात्र किडा सोडला नाही. आजही कीडच लागते.

आता आज्जी.

साल १९८८ असावं, मी दहा वर्षांचा. आज्जीची खालची दाढ आठवडाभर ठणकत होती. घरातले मोठे सगळे कामावर, म्हणून सोबतीला मी. त्या वेळचे डॉक्टर, म्हणजे आताच्या मॅडमचे सासरे, जाड भिंगाचा चष्मा आणि खणखणीत आवाज. समोर छापील केसपेपर. त्यांनी तोंडात बघितलं आणि विचारलं,

"आज्जी, तंबाखू खाता काय?"

"न्हाई बाबा."

"विडी?"

आज्जी हसली. "मी? विडी?"

डॉक्टरांनी कागदावर 'नाही' वर खूण केली आणि दाढ काढायच्या तयारीला लागले. खरं तर आज्जी खोटं बोलली नव्हती. तंबाखू ती खात नव्हतीच. आमच्या घरात तंबाखू खाणं हे पुरुषांचं काम.

मी स्टुलावर बसून पाय हलवत होतो. म्हटलं, "आज्जी मिसरी लावते की!"

खोलीत शांतता. डॉक्टर वळले. "काय म्हणालास बाळ?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मिसरी, मिश्री, मशेरी, भागाप्रमाणे नाव बदलतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. भाजताना जो खकाणा उठायचा त्याने गल्लीभर ठसका लागायचा. आज्जीची मिसरी बामच्या रिकाम्या डबीत असायची. सकाळी लावल्याशिवाय तिला परसाकडे होत नसे, आणि दिवसातून चार-पाच वेळा 'तोंड साफ करायला' ती लागायचीच.

"ती व्हय," आज्जी म्हणाली. "ती दात घासायला."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर, तिच्या उंचीला येऊन बसले. किती वर्षं? लगीन झाल्यापास्नं. दिवसातनं कितींदा? कुठल्या बाजूला धरता? मग त्यांनी तिचा खालचा ओठ बोटाने उलटा केला आणि छोटा आरसा तिच्याच हातात दिला. "आता तुम्हीच बघा. काय दिसतंय?"

आज्जीने बराच वेळ बघितलं. "पांढरं हाय."

"भिंतीला ओल आली की पोपडा धरतो, तसा हाय न्हवं?"

कॅन्सर हा शब्द त्यांनी काढला नाही. ल्यूकोप्लाकिया हा तर नाहीच. म्हणाले, भिंत अजून चांगली आहे पण ओल थांबवायला पाहिजे, आणि एकदा मिरजेला जाऊन तुकडा तपासून आणा. 'मिरजेला' म्हटल्यावर आज्जीचा चेहरा उतरला. आमच्याकडे मिरजेला नेलं म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

तिथून निघताना बघितलं, डॉक्टरांनी केसपेपरवर 'तंबाखू: होय / नाही' याच्या खाली पेनने एक शब्द लिहिला होता. मिसरी. आणि पुढे दोन चौकोन काढले होते.

डॉक्टरांना तेव्हा माहीत होतं की नाही कोण जाणे, पण हीच अडचण मुंबईच्या काही डेंटिस्टनी वीस वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर सोडवायला घेतली होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (होय, तीच. जिथे टिफ्रॅक हा भारतातल्या अगदी पहिल्या संगणकांपैकी एक बनला!) डॉ. फली मेहता यांचा दंतसंशोधन विभाग होता. डेन्मार्कचे पिंडबोर्ग त्यांच्यासोबत. डेंटिस्ट लोकांच्या दारोदार जाऊन तोंडं तपासत आणि सवयी विचारत. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या पाहणीचा निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आला, १,०१,७६१ माणसं. एक लाखावर माणसं, दवाखान्यात न बोलावता, त्यांच्याच गावी! अशी पाहणी करताना 'तंबाखू घेता का' एवढा एक प्रश्न पुरत नाही. विडी वेगळी, चुन्याबरोबरची तंबाखू वेगळी, मिश्री वेगळी. बायकांच्या बाबतीत तर मिश्री न विचारणं म्हणजे काहीच न विचारणं.

पण मला त्याहून भावलं ते त्यांचं पुढचं काम. १९८६ च्या लॅन्सेटमध्ये ते आलं. केरळातलं एर्नाकुलम, गुजरातेतलं भावनगर, आंध्रातलं श्रीकाकुलम, तिन्ही मिळून ३६,४७१ तंबाखू वापरणारे लोक. औषध काही नाही. दरवर्षी तोंड तपासायचं आणि त्या माणसाशी त्याच्या सवयीबद्दल, त्याच्या भाषेत बोलायचं. जोडीला फिल्म, पोस्टर, रेडिओ. पाच वर्षांनी आधीच्या पाहणीतल्या, असा सल्ला न मिळालेल्या गटाशी ताडून बघितलं. तंबाखू सोडणारे वाढले होते आणि पांढऱ्या चट्ट्यांच्या नव्या केसेस कमी झाल्या होत्या. मला इतिहासात एअरोटरच्या शेजारी हे ठेवावंसं वाटतं. एअरोटर मिनिटाला तीन लाख फिरतो म्हणून त्याचं नाव होतं. आणि इथे डेंटिस्टचं हत्यार म्हणजे नुसतं बोलणं, त्याने चट्टा होता होता राहतो.

१९९२ मध्ये भारत सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरी तव्यावर भाजलेल्याला कोण बंदी करणार.

आज्जीचा तुकडा तपासून आला. कॅन्सर नव्हता. मिसरी तिने एका दिवसात सोडली असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. चारावरून दोनावर, दोनावरून सकाळच्या एकावर, आणि बामची डबी देव्हाऱ्यामागे लपवलेली मीच दोनदा पकडली. दर तीन महिन्यांनी ती जिना चढून जायची, डॉक्टर आरसा तिच्या हातात द्यायचे, आणि तिनेच बघून सांगायचं. वर्षभराने तिनेच सांगितलं, "पोपडा न्हाई आता." २००६ पर्यंत जगली. शेवटची काही वर्षं कवळी घालून कडाकणी दुधात बुडवून खायची.

तिच्याबरोबर मिसरी भाजायला बसायच्या त्या गल्लीतल्या मावशींना मात्र कुणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं असेलही, तंबाखू खाता का म्हणून. १९९३ मध्ये त्या तोंडाच्याच आजाराने गेल्या.

मी धंद्याने फॉर्म बनवणारा माणूस. होय, नाही, आणि खाली 'इतर' म्हणून एक रिकामी ओळ. ती ओळ कुणी भरत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं आणि तरी आम्ही ती ठेवतो. माणूस आपल्या सवयीला 'इतर' समजत नाही ना! आज्जीच्या लेखी ते दात घासणं होतं.

पुढच्या शनिवारी दाढेच्या दुसऱ्या फेरीसाठी पुण्याहून परत गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मधे नुसता पडदा, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येतं (हे काही बरोबर नाही, मॅडमना सांगायला पाहिजे). आत पन्नाशीच्या एक बाई होत्या, बरोबर लेक. केसपेपर आता कंप्युटरवर छापलेला असतो, पण तंबाखूच्या खाली मिसरीची ओळ आहे, दोन चौकोनांसकट. त्याच्या खाली गुटखा, मावा, आणखी काय काय.

"तंबाखू?"

"न्हाई."

"मिसरी?"

"न्हाई ओ. ती कवाच सोडली."

पेन खाली ठेवल्याचा आवाज आला नाही.

"तपकीर?"

जरा वेळ गेला. लेकीने काहीतरी हळू म्हटलेलं ऐकू आलं.

"ती व्हय," बाई म्हणाल्या. "ती लावतोय थोडी. झोपताना."